चुंबकीय वादळ आणि अप्पांचं नाव

गणपती गेले की लालबागमध्ये काही दिवस कुणाला काय करावं ते सुचत नाही. मांडवाचे बांबू सुटे होऊन रस्त्याकडेला आडवे पडलेले असतात, खांबांसाठी खणलेले खड्डे घाईघाईने बुजवलेले असतात, गटाराच्या कडेला गुलालाची रेघ सुकत असते. ढोल-ताशांची सवय झालेल्या कानांना शांतता टोचते. मग पितृपक्ष लागतो. भर दुपारी जिन्यात वड्यांचा आणि खिरीचा वास कोंडतो, आणि एरवी हाडहूड करून घेणाऱ्या कावळ्यांना गॅलरीच्या कठड्यावर जावयाचा मान मिळतो. पाऊस अधूनमधून येऊन जातो, पण त्याचं मन आता इथे नसतं.

माझ्या कामाचा हंगाम नेमका याच दिवसांत सुरू होतो. हंगाम म्हटलं की ऑफिसातली तरुण मुलं हसतात, पण शब्द चुकीचा नाही. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराला, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, पृथ्वीवर चुंबकीय वादळं जास्त येतात. सूर्याकडून भारित कणांचा वारा सतत येतच असतो. या दिवसांत त्याची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची गाठ जरा जास्त घट्ट पडते. अशा वादळांत जे कण हरवतात त्यांच्या मागावर मी असते. उपग्रहांनी पाठवलेले आकडे बघायचे आणि काल इथे एवढे इलेक्ट्रॉन होते ते आज कुठे गेले, असं विचारत बसायचं, हे माझं पोटापाण्याचं काम.

काल संध्याकाळी फोनवर सूचना आली की वादळ येतंय. मी माहेरी आले होते, आमच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत स्टुलावर बसून लसूण सोलत होते. सूचना वाचली आणि हात थांबला. कारण असंच एक वादळ, असाच गणपतीनंतरचा आठवडा, आणि त्या आठवड्यात आमच्या घरातून जे गेलं ते.

चाळीला माझं काम फारसं कळलेलं नाही, आणि त्यात चाळीची चूक नाही. ऐन उमेदवारीत मी एकदा शेजारच्या कुंदामावशींना म्हणाले होते की उद्या मोठं वादळ येणार आहे. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या मजल्यावरच्या दोऱ्या रिकाम्या. कपडे आत, पापड आत, कुणाच्या तरी गाद्यासुद्धा आत. संध्याकाळपर्यंत पानही हललं नाही. कुंदामावशी कंबरेवर हात ठेवून मालवणीत म्हणाल्या, "काय गो, वादळ खंय रवला तुझा?" तेव्हापासून आकाशाशी संबंध असलेली कुठलीही अफवा फोनवर आली की त्या आधी मला पाठवतात. मी खरं-खोटं सांगते, आणि त्या तरीही रात्री फोन बंद करूनच झोपतात.

आता आईबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईने अप्पांचं नाव कधी घेतलं नाही. अप्पांचं नाव दत्ताराम. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझी आई त्यातही वरच्या यत्तेतली. ती दत्तजयंतीला 'मार्गशीर्षातली पुनव' म्हणायची. देवळात जाऊन येते असं सांगताना 'त्या तीन तोंडांच्या देवाकडे' म्हणायची. खालच्या मजल्यावर एक दत्ता वाणी होता, त्याच्याकडून काही आणायचं असलं की 'त्या चष्मेवाल्याकडून आण' असा निरोप असायचा. पुढे त्याने चष्मा सोडून दिला तरी आईसाठी तो चष्मेवालाच राहिला. हळदीकुंकवाला उखाण्याची पाळी आली की तिला हटकून स्टोव्हवर ठेवलेलं दूध आठवायचं आणि ती पळायची. "लग्नात घेतलं असशील ना?" असं मी एकदा विचारलं, तर अप्पाच म्हणाले, "घेतला असतला. बाजूक बँड वाजत होतो. माका काय ऐकाक येवूक नाय."

अप्पांना ती 'अहो' म्हणायची. ओढून म्हटलेलं अहो म्हणजे नळाला पाणी आलं. तोडून म्हटलेलं म्हणजे ओला टॉवेल पुन्हा पलंगावर टाकला. हळू म्हटलेलं म्हणजे पाहुण्यांदेखत बोलता येत नाही असं काहीतरी आहे, आत या. मी लग्न करून दादरला गेले आणि नवऱ्याला पहिल्या दिवसापासून 'समीर' अशी हाक मारू लागले, तेव्हा आई आठवडाभर माझ्याकडे बघून नुसतीच हसत होती.

त्या वादळाच्या वर्षी मी गणपतीसाठी माहेरी आले होते. विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आईच्या हातातून गाळणं पडलं. ती काहीतरी सांगत होती, वाक्य अर्ध्यात थांबलं आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. परळच्या रुग्णालयात नेईपर्यंत उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द संपले होते. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, हातही हळूहळू सुधारेल म्हणाले. बोलण्याचं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "थोडा भाग कायमचा गेलाय. आजूबाजूला सूज आहे, ती उतरली की तिथलं परत येईल. काय गेलंय आणि काय येईल, ते आज सांगता येत नाही." अखंड बोलणारी बाई ती. तिच्याशिवाय घर कसलं, नुसती खोली.

परळच्या त्या भागात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. फूटपाथवर चादरी टाकून बसलेले गावोगावचे नातेवाईक, औषधांच्या दुकानांची रांग, शहाळी सोलण्याचा खचक खचक आवाज, आणि आत शिरल्यावर फिनेलचा वास. दुपारी भेटीची वेळ संपली की मी व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडून बसायचे. रजा होती, पण नुसतं बसून डोकं फिरायची पाळी आली असती. आणि त्याच आठवड्यात वादळ आलं.

आपल्या डोक्यावर हजारो किलोमीटर उंच, पृथ्वीभोवती मेदुवड्याच्या आकाराचा एक पट्टा आहे. मधल्या भोकात पृथ्वी. त्यात इलेक्ट्रॉन अडकलेले असतात. चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत ते उत्तरेकडे जातात, तिथे चुंबकत्व दाट झालं की उलटे फिरतात, दक्षिणेकडे येतात, पुन्हा उलटे फिरतात. पापणी लवेपर्यंत फेरी झालेली असते. हे करता करता पृथ्वीला प्रदक्षिणाही चालूच. शांत दिवसांत हा संसार सुरळीत चालतो. वादळ आलं की त्या पट्ट्यात लहरी उठतात. त्या आवाजात बदलून ऐकल्या तर काही पहाटेच्या पाखरांसारख्या किलबिलतात आणि काही स्टोव्हसारख्या नुसत्या फुसफुसतात. ऐकायला इतक्या गोड, पण इलेक्ट्रॉनची वाट लावतात. लहर त्याला एकदम फेकून देत नाही. त्याच्या जाण्याचा कोन जरासा बदलते. मग आणखी जरासा. कोन एका मर्यादेपलीकडे गेला की त्याला उलटं फिरणं जमत नाही. तो तसाच खाली येतो, हवेत शिरतो आणि तिथे संपतो. दुसरीकडे, पृथ्वीच्या चुंबकत्वाची सूर्याच्या बाजूची सीमा वादळात आत दाबली जाते आणि जे कण कडेकडेने फिरत असतात ते बाहेर सांडतात. माझ्या पडद्यावर आदल्या दिवशी लाल-पिवळा असलेला पट्टा त्या दुपारी निळा पडला होता. निळा म्हणजे जवळजवळ रिकामा.

एरवी मला असं काही दिसलं की आनंद होतो. त्या दुपारी मी लॅपटॉप मिटला आणि रडले.

तन्वी नावाची एक तरुण स्पीच थेरपिस्ट आईला बोलतं करायला रोज यायची. पोरगी गोड होती, आवाज मऊ, घाई नाही. चित्रं दाखवायची. चमचा, किल्ली, कंगवा, घड्याळ. आई चित्राकडे बघायची, ओठ हलवायची आणि म्हणायची, "ते... ते... आपलं ते." डाव्या हाताने केस विंचरून दाखवायची, म्हणजे कंगवा कळलाय, शब्द सापडत नाहीये. सापडला नाही की तिला स्वतःचाच राग यायचा. चौथं-पाचवं चित्र झालं की ती तोंड फिरवायची.

एके दिवशी तन्वीने अप्पांकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे कोण बसलेत? यांचं नाव काय?"

आईने अप्पांकडे बघितलं. ओठ हलले नाहीत. तिने मान खाली घातली आणि चादरीचा काठ मुठीत धरला.

"असू दे, असू दे," तन्वी म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "जवळच्या माणसांची नावं साधारण लवकर येतात. इथे तर प्रयत्नही दिसला नाही. पण आपण धीर सोडायचा नाही."

अप्पा मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं. आयुष्यभर आधी गिरणीत आणि मग माझगावच्या गोदीत अंगमेहनत केलेला माणूस, पण त्या दिवशी रुग्णालयाच्या तीन पायऱ्या उतरताना त्यांनी माझा खांदा धरला. चहाच्या टपरीवर ग्लास हातात तसाच धरून म्हणाले, "चमचो गेलो, चावी गेली, ठीक आसा. माझा नाव पण गेला गो?"

मलाही तेच वाटत होतं. आज याचं हसू येतं. ज्या बाईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती ते खाटेवर पडून परक्या मुलीसमोर घेईल, अशी अपेक्षा आम्ही दोघांनी कशी केली? पण भीतीत माणसाला घरचंच आठवत नाही. ज्या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षं तिची थट्टा केली, तीच गोष्ट नेमकी त्या दिवशी डोक्यातून गेली होती.

अप्पा माझ्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघून म्हणाले, "तुझे ते कण जातत, ते परत येतत काय?"

बोलायला काहीतरी मिळालं म्हणून मी सांगायला लागले. म्हटलं, अप्पा, जाणं सगळं सारखं नसतं. काही खरंच जातात, हवेत पडतात, नाहीतर बाहेर सांडतात. पण काही नुसते गेल्यासारखे दिसतात. वादळात पृथ्वीची पकड सैल होते, तेव्हा ते जरा लांब सरकतात आणि त्यांचा जोर कमी होतो. आमचं यंत्र ठरावीक जागी, ठरावीक जोराचेच मोजतं. त्यामुळे यंत्राला जागा रिकामी दिसते. प्रत्यक्षात ते असतात, लांब, दमून उभे. पकड परत आली की तेही परत येतात.

"मग खरे गेलेले खंयचे आणि लांब उभे खंयचे, ता कसा कळता?"

"वादळ ओसरेपर्यंत नाही कळत," मी म्हणाले. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी कुंदामावशी डबा घेऊन आल्या. अप्पांनी त्यांना नावाचं सांगितलं, अगदी घरातलं कुणी गेल्यासारखं. कुंदामावशी आधी ऐकत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "अवो, तिनं कधी घेतलान? दत्तजयंतीक दत्तजयंती म्हणूक नाय ती. आता घेतली काय, त्या परक्या चेडवासमोर?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं ते कळेना. मी धावत तन्वीला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "आमच्या आजीचं पण तेच होतं हो. मला कसं नाही सुचलं?" मग ती आईजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही बोलू नका. मी नावं घेते, बरोबर असेल तिथे मान हलवा. हे मोहन आहेत?" आईने नाही म्हटलं. "वसंत?" नाही. "दत्ताराम?"

आई डाव्या हाताने, वाकड्या झालेल्या तोंडावर, पदर ओढायला गेली. अंगात रुग्णालयाचा झगा होता, पदर नव्हताच. तिने झग्याचं टोक धरून तोंडाशी नेलं. पण लाजली ती अशी की अप्पा उठून खिडकीकडे गेले आणि बराच वेळ शहाळेवाल्याकडे बघत राहिले. नाव होतं. लांब उभं होतं.

मग शब्द यायला लागले. कंगवा आला, घड्याळ आलं, पाणी आलं. माझं नाव आलं त्या दिवशी मी वॉर्डातल्या सगळ्यांना केळी वाटली. आईला घरी आणलं तेव्हा नवरात्र संपत आलं होतं. वाक्यं अडखळत होती, पण ती बोलत होती, मध्येच चिडत होती, कुंदामावशींच्या आमटीत मीठ कमी आहे असं म्हणत होती.

त्याच सुमाराला चाळीच्या जिन्याचं काम निघालं. सुताराने आमच्या मजल्याखालची एक कुजलेली फळी काढली आणि नवीन आणायला गेला. तिथे खालपर्यंत आरपार दिसत होतं. अप्पांना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दुपारची वेळ, ते पिशवी घेऊन भाजीला निघाले, नजर आधीच कमी, त्यात उन्हातून जिन्याच्या अंधारात. आई दारात खुर्चीवर बसली होती. तिला दिसलं. मी आतून बघत होते: तिने मान पुढे केली, नेहमीची हाक मारायला तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. पुन्हा उघडलं. नाही आलं. अप्पांचा पाय खाली गेला.

"दत्ताराम."

स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. अप्पा कठडा धरून जागच्या जागी थांबले. गॅलरीतली दारं एकामागून एक उघडली. कुंदामावशी हातात पोळपाट घेऊन बाहेर आल्या. अप्पा वळले नाहीत. बहुतेक त्यांना वळवलंच नाही. थोड्या वेळाने, पाठमोरेच, ते म्हणाले, "ओ."

भाजी राहिली. अप्पांनी संध्याकाळी पेढे आणले आणि सगळ्या चाळीत वाटले. कुणी विचारलं कसले, तर सांगायचे, "नाव घेतलान." जणू आज लग्न झालं होतं.

मला वाटलं, सगळं परत आलं. माझ्या पडद्यावरचा पट्टासुद्धा तोपर्यंत पुन्हा लाल झाला होता. याचं मला नेहमी नवल वाटतं: ज्या लहरी काहींचा कोन बिघडवून त्यांना खाली पाडतात, त्याच दुसऱ्या काहींना वेग देतात. वादळ ओसरलं की पट्टा भरतो, कधी आधीपेक्षा जास्त भरतो. दुरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नव्हतं. पण ते कण तेच नसतात. पडलेले पडलेलेच राहतात.

दिवाळीत फराळाला बसलो असताना अप्पा चकलीचे नुसते तुकडे करत होते. आई आता त्यांना सारखी नावाने हाक मारायची. दत्ताराम, पाणी. दत्ताराम, टॉवेल. नव्या शिकाऊ ड्रायव्हरने हॉर्न वाजवावा तशी. सगळे कौतुकाने हसायचे. मी अप्पांना विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "नाव काय गो, सगळेच घेतत. मुकादम घ्यायचो, सायेब घ्यायचो. 'अहो' ती एकटी म्हणायची."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दिवस नि दिवस घरात तो शब्द ऐकू आलेला नव्हता. आम्ही चमचा मोजला, किल्ली मोजली, नाव मोजलं. तन्वीच्या चित्रांमध्ये 'अहो'चं चित्र नव्हतं, त्यामुळे तो गेलेला कुणाला कळलाच नाही. मी तन्वीला सांगितलं. तिने आईला समोर बसवून म्हणायला लावलं. आईने पहिलीतल्या मुलीसारखं म्हटलं, "अ-हो." शब्द आला, हाक आली नाही. अप्पा उठून गॅलरीत गेले. मला फार वाईट वाटलं, आणि त्यावर करण्यासारखं काही नव्हतं.

त्या वर्षीच्या पडलेल्या कणांबद्दल मी पुढे एक लेख लिहिला. शास्त्रीय लेखात 'वाईट वाटलं' असं लिहिता येत नाही. पडताना ते दूर उत्तरेकडच्या आकाशात फिकट, चमकून विझणारा उजेड पाडतात, एवढं मात्र लिहिता येतं. अप्पांना मी त्याचे फोटो दाखवले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे अगदीच फुकट जाणा नाय तर."

तर काल संध्याकाळी मी गॅलरीत लसूण सोलत होते, फोनवर वादळाची सूचना होती, खाली मांडवाचे बांबू टेम्पोत चढत होते, आणि आतून हळू आवाज आला, "अहो."

लसणीची वाटी ठेवून मी उठले. आत अप्पा स्टोव्हजवळ कप घेऊन उभे होते. आई पलंगावर बसून वाटाणे निवडत होती. "अहो," अप्पा तिला पुन्हा म्हणाले, "चाय घेतास मा?" जन्मभर तिला 'ए' आणि 'गो' म्हणणारा माणूस. माझा चेहरा बघून ते जरा ओशाळले.

"बगतस काय?" ते म्हणाले. "तिच्या तोंडातसून पडलो, तो मियां उचललंय. घरात कोणीतरी म्हणाक व्हया."

आईने कप घेतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दत्ताराम, साखर कमी."

"आणतंय, अहो," अप्पा म्हणाले आणि डबा शोधायला लागले.